टीव्ही अडकतो तेव्हा नक्की काय अडकतं?

  आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेल्या काही दिवसांत आलेल्या व्हॉइस नोट्सपैकी निम्म्या तरी एकाच सुरातल्या आहेत: "ताई, शंभरचा प्लॅन घेतलाय, तरी टीव्हीवर ते चक्र फिरतच बसतं." कुणाची स्टिक आहे, कुणाचा बॉक्स, कुणाच्या टीव्हीतच सगळं आहे. चक्र मात्र सगळीकडे तेच.

मी काशीमीऱ्यात राहते. आमच्याकडे वाहतूक समजावून सांगावी लागत नाही. हायवे कितीही रुंद असू दे, घोडबंदरकडे वळणाऱ्या गाड्या नाक्यावर अडकल्या की मागची रांग वाढतच जाते. आता तुम्ही दहिसरला उभं राहून म्हणालात, "अरे, रस्ता तर मोकळा आहे!" तर ते खरंच आहे. पण तुम्हाला जायचंय ठाण्याला. शंभर एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे तो दहिसरचा मोकळा रस्ता. सर्व्हरपासून तुमच्या सोफ्यापर्यंत असे पाच-सहा नाके आहेत, आणि त्यातला कुठला तुंबलाय ते शोधणं एवढंच आपलं काम. नवीन टीव्ही घेणं हे काम नाही. ते शेवटी बघू, तेही लागलंच तर.

आधी बफर म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. बफर म्हणजे बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी. मीरा-भाईंदरमध्ये पाणी चोवीस तास येत नाही हे वेगळं सांगायला नको. येतं तेव्हा पंप लावून टाकी भरून ठेवायची, आणि दिवसभर नळाला पाणी त्या टाकीचं. व्हिडिओचंही असंच. ॲप चित्रपटाचे काही सेकंदांचे छोटे छोटे तुकडे आधीच आणून साठवून ठेवतं आणि तुम्हाला त्या साठ्यातून दाखवत राहतं. मधेच दहा सेकंद नेट गेलं तरी तुम्हाला कळतही नाही. टाकी रिकामी झाली की मग ते चक्र. म्हणजे चक्र दिसतं त्या क्षणी बिघाड झालेला नसतो. तो आधीच झालेला असतो, तुम्हाला फक्त आत्ता कळलेलं असतं.

शिवाय ॲप हुशार असतं. पाणी कमी येतंय असं दिसलं की ते नळ बारीक करतं. त्याच दृश्याच्या चांगल्या-वाईट अशा अनेक प्रती सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, त्यातली हलकी प्रत मागवतं. म्हणून आधी चित्र धूसर होतं, चेहरे चौकोनी दिसायला लागतात, आणि मग थांबतं. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की ७२० पीसाठी ३ एमबीपीएस, १०८० पीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरतात. बघा, शंभर कुठे आणि पाच कुठे! तरीही अडकतं, म्हणजे प्रश्न प्लॅनच्या आकड्याचा क्वचितच असतो. (जाता जाता: आपल्याकडे सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणायला किमान २ एमबीपीएस लागतात, आणि तेही जानेवारी २०२३ पासून. त्याआधी ५१२ केबीपीएसलाही ब्रॉडबँडच म्हणायचे.)

मग मॅचच का अडकते आणि पिक्चर का नाही? हा प्रश्न तर जवळजवळ प्रत्येकाने विचारलाय. पिक्चर आधीच तयार आहे, ॲप पुढची काही मिनिटं भरून ठेवू शकतं. मॅचचा पुढचा चेंडू अजून टाकलेलाच नाही, तो साठवणार कुठून? लाइव्हला टाकी अगदी छोटी असते, बादलीच म्हणा. आणि म्हणूनच समोरच्या बिल्डिंगमधून "आऊट!" ऐकू येतं तेव्हा तुमच्याकडे बॉलर अजून धावतच असतो. त्यांच्याकडे केबल आहे, तुमच्याकडे ॲप. त्यावर उपाय नाही. खिडकी बंद करा.

कधी कधी नाका तुमच्या घरातला नसतोच. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल झाली तेव्हा डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. त्याच्या साधारण एक वर्ष आधी, २० नोव्हेंबर २०२२ ला, फुटबॉल वर्ल्ड कपच्या पहिल्याच दिवशी जिओ सिनेमावर बफरिंगच्या तक्रारींचा पाऊस पडला होता. अशा दिवशी राउटर बंद-चालू करून काही होत नाही. ओळखायचं कसं? दुसरं ॲप उघडा. यूट्यूबवर काहीतरी एचडीमध्ये लावा. ते लोण्यासारखं चाललं तर तुमचं घर ठीक आहे, चहा घ्या.

आता मुख्य गोष्ट. अडकणं एकाच प्रकारचं नसतं, आणि कसं अडकतं त्यावरून अर्धं निदान होतं. हे मी तुम्हाला आमच्याच बिल्डिंगमधल्या एका घराची हकीकत सांगून समजावते, कारण तिथे एकाच टीव्हीवर तीन वेगवेगळी दुखणी होती.

चौथ्या मजल्यावर एक काका-काकू राहतात. काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर बाहेर जाणं बंद. वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत आणि परत. त्यांचा सगळा दिवस म्हणजे तो टीव्ही: यूट्यूबवर जुनी नाटकं, संध्याकाळी बातम्या, मॅच असेल तर मॅच. मुलगा पुण्याला नोकरीला. त्याने फोनवर सांगितलं, "टीव्ही खराब झालाय वाटतं, मी त्रेचाळीस इंची बघतोय, ईएमआयवर मिळतोय. घ्यायच्या आधी तू एकदा बघशील का?"

मी गेले तेव्हा टीव्हीवर एक नट हात वर करून उभा होता. म्हणजे अडकलेला. आणि काका त्याच्याकडे बघत शांत बसलेले. मी विचारलं, "काका, किती वेळ झाला?" म्हणाले, "होईल सुरू. नाही झालं तर काकू येते मग बघते." काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अगं, ते सांगतच नाहीत. दर वेळी हाक मारायची म्हणजे मला उठावं लागतं, म्हणून गप्प बसून राहतात." मला खरं सांगते, त्या ईएमआयपेक्षा हे जास्त लागलं. माणूस थांबलेल्या चित्रासमोर अर्धा अर्धा तास बसतोय, कुणाला त्रास नको म्हणून.

तर मी तिथेच बसले आणि फक्त बघितलं. सेटिंगला हात नाही लावला. पंधरा मिनिटांत काय दिसलं? पहिला प्रकार: चित्र थांबलं, आवाज दोन क्षण चालू राहिला, मग पडदा काळा, आणि स्टिकचा लोगो. म्हणजे स्टिक स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू झाली. हे बफरिंग नाहीच. नेट कितीही वाईट असलं तरी ते सहसा स्टिक बंद पाडत नाही. हे दुखणं विजेचं, नाहीतर तापण्याचं.

टीव्हीच्या मागे हात घातला, तर स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबी पोर्टला लावलेली. हे तुमच्यापैकी खूप जणांनी केलेलं असणार, मला माहितीये, कारण दिसायला छान दिसतं, प्लग मोकळा राहतो. पण साध्या यूएसबी २.० पोर्टची हमी असते ५०० मिलिअँपिअरची, आणि अशा स्टिकबरोबर येणारा ॲडॉप्टर साधारण १ अँपिअरचा असतो, म्हणजे दुप्पट. होम स्क्रीनवर भागतं. जड व्हिडिओ आणि वाय-फाय दोन्ही जोरात चालू झाले की वीज अपुरी पडते आणि स्टिक मान टाकते. त्यात टीव्ही बंद केला की बऱ्याच टीव्हींमध्ये पोर्टही बंद होतो, म्हणजे रोज सकाळी स्टिक शून्यापासून सुरू. ॲडॉप्टर काकूंनी जपून ठेवला होता, खोक्यासकट, कपाटात. लावला भिंतीच्या प्लगला. त्यानंतर तो लोगो पुन्हा दिसला नाही.

तापण्याचंही सांगून टाकते. भिंतीला चिकटवलेला टीव्ही, मागे दोन बोटं जागा, त्यात स्टिक खुपसलेली, आणि मे महिन्यात पश्चिमेची भिंत दुपारनंतर तव्यासारखी. स्टिकबरोबर एक छोटी एचडीएमआय वायर मिळते, जी लोक फेकून देतात. ती लावली की स्टिक टीव्हीपासून बाहेर लोंबते, हवा लागते. दुसरा फायदा वाय-फायला होतो. टीव्हीच्या मागचा पत्रा आणि भिंतीवरची लोखंडी चौकट सिग्नल अडवते. चार इंच बाहेर आल्याने फरक पडतो हे लोकांना खोटं वाटतं. करून बघा.

दुसरा प्रकार मला संध्याकाळी दिसला. आता स्टिक बंद पडत नव्हती, पण चित्र धूसर आणि मग चक्र. हे मात्र खरं बफरिंग. मी विचारलं, राउटर कुठाय? काकूंनी दाराजवळचं चपलांचं कपाट उघडलं. आत, चपलांच्या वरच्या कप्प्यात, राउटर. पत्र्याचं कपाट! फायबरची वायर दारातून आत येते, लावणाऱ्या पोराला पुढचं घर गाठायचं असतं, आणि दिसायला बरं म्हणून आपण तो कपाटात ढकलतो. काशीमीऱ्यातल्या निम्म्या घरांत राउटर चपलांबरोबर राहतो असं मी पैजेवर सांगते. मग तिथून टीव्हीपर्यंत पत्रा, काँक्रीटची भिंत, फ्रिज.

मोबाईलवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं एखादं ॲप टाका, अँड्रॉइडवर फुकट मिळतं. काकांच्या हॉलमध्ये उभं राहून मला सत्तावीस नावं दिसली. सत्तावीस घरं एकाच हवेत बोलतायत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच असतात: १, ६ आणि ११. म्हणजे तीन गल्ल्यांत सत्तावीस रिक्षा. त्यात ब्लूटूथही तिथेच, मायक्रोवेव्हही तिथेच. राउटर मोकळा असला तरी त्याला बोलायची पाळीच येत नाही. रात्री नऊ ते अकरा सगळे घरी, सगळे टीव्हीसमोर, म्हणून तेव्हाच जास्त अडकतं.

उपाय म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. तिथे गल्ल्या जास्त, गर्दी कमी, वेग चांगला. त्याचा एकच दोष, भिंत आली की तो दमतो. म्हणून राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर ५, मधे दोन भिंती असतील तर २.४ च बरा, फक्त चॅनल १, ६, ११ पैकी सगळ्यात मोकळा निवडा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. बरेच राउटर दोन्हींना एकच नाव देतात आणि स्टिक आपल्या मर्जीने कुठेही चिकटते. दोन वेगळी नावं द्या, म्हणजे कुठे आहोत ते तुम्हाला कळेल. राउटरच्या सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड त्याच्या बुडाच्या स्टिकरवर असतो. भीती वाटत असेल तर आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, मग बदला.

काकांकडे आम्ही राउटर कपाटातून काढून हॉलमध्ये, डोक्याच्या उंचीवर, फळीवर ठेवला. फायबरची वायर थोडी कमी पडत होती, ती ओढू नका, वाकवू तर अजिबात नका, आत काचेचा तंतू असतो. लांब पॅच कॉर्ड मागवली, तीन दिवसांनी आली, तेव्हा हलवला. दिवसभर छान. काका खूष. मुलाला मी मेसेज टाकला की टीव्ही तूर्त थांबव.

आणि रात्री साडेनऊला परत चक्र.

इथे बरेच जण हात टेकतात आणि दुकानात जातात. पण थांबा, आता आपण घरातले सगळे नाके मोकळे केलेत, म्हणजे उरला तो बाहेरचा. तो सिद्ध करायचा तर वाय-फाय मधून काढून टाकायचं. लॅपटॉप घेतला, राउटरला थेट वायरने जोडला, वाय-फाय बंद केलं, आणि फास्ट डॉट कॉम उघडलं. ही साइट नेटफ्लिक्सची आहे आणि त्यांच्याच सर्व्हरवरून वेग मोजते, म्हणून व्हिडिओसाठी उपयोगी. ट्रायचं मायस्पीड ॲपही ठेवा, तक्रारीच्या वेळी ट्रायचं नाव बरं पडतं. सकाळी आठला वायरवर ९४. रात्री साडेनऊला ६, मग ४, मग ११. तीन दिवस, दोन वेळा, स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट.

राउटरच्या पानावर अजून एक आकडा असतो, आरएक्स पॉवर किंवा ऑप्टिकल पॉवर. उणे असतो, उणे १८, उणे २२ असा. उणे २७ च्या आसपास गेला की फायबरमधून येणारा प्रकाशच क्षीण झालाय असं समजा. कुठेतरी वायर वाकलीय, जोड मळलाय, किंवा गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या वायरीवर कुणीतरी वाळवणाच्या दोरीसकट बसलंय. पावसाळ्यात आणि रस्त्यांच्या खोदकामात हे हमखास. एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर मग बघायलाच नको, प्रकाश येतच नाहीये, घरातल्या घरात काही करू नका. काकांचा आकडा उणे २१ होता. म्हणजे वायर ठणठणीत, दिवसा वेगही पूर्ण. रात्रीच पडतो, म्हणजे गर्दी. ऑपरेटरने एका मोठ्या पाइपवर फार घरं जोडलीयेत.

फोन करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका. तिथून ठरलेलं उत्तर येतं, "मॅडम, राउटर रीस्टार्ट करा." त्याऐवजी असं बोला: "वायरने जोडून तीन दिवस मोजलंय, सकाळी ९४, रात्री साडेनऊला ६, ऑप्टिकल पॉवर उणे २१, स्क्रीनशॉट पाठवते, तक्रारीचा डॉकेट नंबर द्या." समोरच्याला कळतं की इथे थाप चालणार नाही. डॉकेट नंबर मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि तक्रार न सुटल्यास कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. आमच्या या ऑपरेटरने दोन वेळा टाळलं. तिसऱ्यांदा काकूंनी स्वतः फोन घेतला आणि डॉकेट नंबर वाचून दाखवला. चौथ्या दिवशी त्यांनी आमच्या विंगच्या जोडण्या दुसऱ्या लाइनवर टाकल्या. आता रात्री वायरवर सत्तरच्या आसपास येतं. गंमत म्हणजे त्या विंगमधल्या बाकी कुणीही तक्रार केली नव्हती. सगळ्यांना वाटत होतं आपलाच टीव्ही जुना झालाय.

तिसरं दुखणं किरकोळ होतं, पण सांगते कारण ते सगळ्यांकडे असतं. रिमोट दाबला की दोन-तीन सेकंदांनी हलणं, मेनूच अडखळणं. नेटचा संबंध नाही. साध्या स्टिकमध्ये १ जीबी रॅम आणि ८ जीबी साठवण असते, त्यातली बरीचशी त्यांच्या सिस्टिमलाच लागते. काकांच्या नातवाने सुट्टीत पाच गेम टाकले होते. ते काढले, दोन-तीन मोठ्या ॲपचा कॅशे साफ केला, झालं. फायर टीव्हीवर सेटिंगमध्ये ॲप्लिकेशन्स, मग मॅनेज इन्स्टॉल्ड ॲप्लिकेशन्स. 'क्लिअर कॅशे' दाबा, 'क्लिअर डेटा' नको, त्याने लॉगिन जातं आणि मग पासवर्ड कुणालाच आठवत नसतो. काहीच हलत नसेल तर रिमोटचं मधलं बटण आणि प्ले-पॉज एकत्र पाच सेकंद धरून ठेवा, स्टिक रीस्टार्ट होते.

फुकट मॅच दाखवणाऱ्या एपीकेबद्दलही विचारलंय तुम्ही. ते सतत अडकतं कारण त्याच्यामागे मोठे सर्व्हर नसतात, कुणीतरी चोरून पुढे ढकललेला प्रवाह असतो. पण अडकणं ही त्यातली लहान गोष्ट. ज्या स्टिकवर आईचं ईमेल लॉगिन आहे तिच्यात कुणी बनवलंय ते माहीत नसलेलं ॲप, 'अननोन सोर्सेस' चालू करून, कशाला टाकायचं? माझ्या हातात आलेल्या स्टिकवर असलं काही दिसलं तर मी पहिल्यांदा तेच काढते, मालक रागावला तरी.

शेवटचा प्रश्न पेणकरपाड्यातून आलाय. घरात ब्रॉडबँड नाही, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवतो, पहिला एक तास मस्त आणि मग एकदम बंद. मित्रा, हे बफरिंग नाही, हिशोब आहे. ५ एमबीपीएसने एक तास बघितलं की सव्वादोन जीबी होतात. तुझा रोजचा डेटा दीड किंवा दोन जीबी. तो संपला की वेग बहुतेक प्लॅनमध्ये ६४ केबीपीएसवर येतो, त्यात टीव्हीवर चित्र येणं शक्यच नाही. ॲपमध्ये जाऊन दर्जा ४८० पीवर बांधून ठेव. बत्तीस इंची टीव्हीवर सोफ्यावरून बघताना वाटतं तितकं वाईट दिसत नाही, आणि तेवढ्याच डेटात दोन-तीन तास निघतात. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झचा पर्याय असेल तर तो लाव, फोन टीव्हीच्या जवळ ठेव, पण चार्जिंगला लावून उशीवर नको, तापतो. आणि फोन आला की काही हँडसेटवर डेटा थांबतो, त्यामुळे मॅचच्या शेवटच्या ओव्हरला आईच्या फोनचा हॉटस्पॉट घे. तिला त्या वेळी कुणी फोन करत नाही.